शिडी धरणारे बुवा

आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन, तर आमच्या गावच्या मठातल्या बुवांचा. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो आहे. माझ्या शिकलेल्या मित्रांना ते खटकतं, आणि ते खटकावं अशीच माझी इच्छा आहे. ग्रॅज्युएट झालेल्या माणसानं एखाद्या प्राध्यापकाचं नाव घ्यावं, फार तर आईबापांचं घ्यावं. बुवाचं कसलं घेतो, असं ते म्हणतात. मी घेतो. का घेतो ते सांगतो.

आमचं गाव पलूसपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठाला. आमची उसाची जमीन, आणि दर पिढीला घरातला एक माणूस पलटणीत. मराठी चौथीच्या पुढं आमच्या घरात कुणी गेलं नव्हतं. थोरला भाऊ पलटणीत भरती झाला त्या साली बुवा स्वतः चालत आमच्या रानात आले. वडील उसाला पाणी द्यायला दारं धरत होते. बुवा बांधावर बसले आणि म्हणाले,

“एक पोरगं पलटणीला दिलंस. दुसरं शाळंला दे.”

“आवं बुवा, शिकून काय वकील हुनार हाय व्हय त्यो?”

“झाला तर झाला. न्हाई झाला तर माझा पेपर तरी वाचंल.”

वडील हसले, आणि बुवांसमोर एकदा हसलं की नाही म्हणता येत नसे. मी साताऱ्याच्या बोर्डिंगात गेलो, स्वतःच्या हातानं भाकरी थापून हायस्कूल केलं, तिथून सांगलीच्या कॉलेजात आलो.

बुवांना अक्षर येत नव्हतं. ते मूळचे पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातले. पण सुट्टीत मी गावी आलो की पहिल्या दिवसापासून मठाच्या ओसरीवर पेपर वाचावा लागे, आणि तो सगळा. साताऱ्याच्या शाळेत एक फाटका नकाशा टाकून देणार होते, तो मी त्यांना आणून दिला. त्यांनी तो भिंतीला लावला आणि दुसरं महायुद्ध पेटल्यावर गावातला माणूस पलटणीबरोबर जिथं असेल तिथं मेणानं एकेक चिंचोका चिकटवला. बसऱ्याला तीन, आफ्रिकेत पाच, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीला दोन. कुणाचं पत्र आलं की चिंचोका सरकायचा. अख्ख्या तालुक्यात लढाईची खरी हालहवाल कुणाला ठाऊक असेल, तर त्या निरक्षर माणसाला.

मठाचा एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावातला माणूस लढाईला निघाला की त्याच्या आईनं किंवा बायकोनं मठाच्या तुळईला एक नारळ बांधायचा. नारळाभोवती तिच्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली असायची, म्हणजे कुणाचा कुठला ते ओळखू येई. माणूस परत आला की त्यानं तो आपल्या हातानं उतरवून पायरीवर फोडायचा आणि खोबरं गावात वाटायचं. आणि तो आलाच नाही, खबर आली, तर घरच्यांनी नारळ उतरवून कृष्णेत सोडायचा. तिसऱ्या कुठल्या कारणानं नारळ खाली येत नसे. बांधताना बाई शिडीवर चढायची आणि बुवा खालून शिडी धरायचे. त्यांचं काम एवढंच. मंत्र नाही, दक्षिणा नाही. माझ्या भावाचा नारळ वहिनीनं बांधला होता, तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याच्या पट्टीत.

लढाईच्या चौथ्या वर्षी मामलेदार आणि भरतीचा जमादार मठात आले. भरतीची सभा होती आणि बुवांनी व्यासपीठावर बसावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी ओसरीवरच होतो.

“बुवा, तुम्ही फक्त एवढंच सांगा,” मामलेदार म्हणाले, “की सरकारच्या बाजूनं लढणं हा धर्म आहे. आणि येतील त्यांचे नारळ तुमच्या हातानं बांधा.”

“माझ्या हातानं न्हाई बांधला जात सायेब. बायका बांधत्यात. मी शिडी धरतो.”

जमादार जरा चढ्या आवाजात म्हणाला, “दुसऱ्या गावचं महाराज बसल्यात की खुर्चीवर. शाल मिळालीया त्यास्नी.”

“मग झालं तर. तुमचं काम झालंया. आमाला थंडी वाजत न्हाई.”

पुढच्याच आठवड्यात दुसरी बाजू आली. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगत पोरांचे निरोप नेणारा. त्याच्याबरोबर आणखी तिघे. त्यांचं म्हणणं होतं की साहेबाच्या पलटणीत गेलेल्यांचे नारळ देवाच्या दारात लटकतात ही गावाला लाज आहे. बुवांनी ते उतरवावेत आणि पुन्हा बांधू देऊ नयेत.

“नारळ सायबाचा न्हाई गड्या,” बुवा म्हणाले. “बाईचा हाय. जिनं बांधला तिला जाऊन सांग, उतरव म्हून. जमतंय का बघ.”

“तुमी सायबाला भिताय.”

“व्हय. आन् तुला बी भितो. दोगांच्या हातात बंदुका हायत्या.”

आज मला वाटतं, धर्मातल्या माणसानं जगाच्या कारभारात पडावं की नाही या वादाचं उत्तर त्या दोन भेटींतच होतं. सरकार आणि बंडखोर, दोघेही त्याच ओसरीवर आले. गावाच्या मनात शिरायचं तर वाट तिथून जाते, हे त्या दोघांनाही माहीत होतं. मला मात्र तेव्हा ते कळलं नाही. मी इंटरच्या वर्गात होतो, डोक्यात भाषणं होती, आणि घरचा सख्खा भाऊ इटलीत साहेबासाठी लढतोय याची मला कॉलेजात फार शरम वाटत होती. बुवा मला पळपुटे वाटले.

त्या दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मठात कुणी नव्हतं. मी शिडी लावली, वर चढलो आणि भावाचा नारळ उतरवला. दुसऱ्या कुणाचा उतरवला असता तर डोकी फुटली असती. आपल्या घरचा उतरवून दाखवावा, मग बाकीचे उतरतील, असा माझा हिशेब. नारळ ओसरीवर ठेवला आणि चुलतभावाला बोलवायला गेलो. शेवटी नारळच तो, असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. रिवाज मला पाठ होता, पण पुस्तकं वाचलेल्या माणसाला रिवाजाची भीती वाटता कामा नये, असंही मी त्या दिवसांत ठरवलं होतं.

चुलतभाऊ घरी नव्हता. मी परत आलो तर मठातून वहिनीचा आवाज येत होता. ती दिव्याला तेल घेऊन आली होती आणि तिला ओसरीवर हिरव्या पट्टीतला नारळ दिसला होता. आमच्या गावात त्याचा अर्थ एकच. तिनं मनगटानं कुंकू पुसलं होतं. हात पायरीवर आपटून बांगड्या फोडत होती. दोन फुटल्या होत्या, आणि रानातून धावत आलेल्या बुवांनी तिचे हात धरले होते.

“आगं बाई, खबर न्हाई आली. ऐक. खबर न्हाई.”

“मग खाली कसा आला नारळ? कुनी उतरवला?”

बुवांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसलो. माझे दोन्ही हात तुळईच्या काजळीनं कोपरापर्यंत काळे झाले होते.

“मी उतरवला,” बुवा म्हणाले. “दोरी कुजली व्हती. नवी बांधावी म्हनलं.”

“बुवा, उतरवलेला नारळ पुन्ना चढत नसतोय.”

“माझ्या मठात चढतोय. चल, मी शिडी धरतो.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू हात धू, आन् वैनीला पानी आन.”

मी हात धुतले. पाणी आणलं. वहिनीनं नारळ पुन्हा बांधला. संध्याकाळी मी बुवांच्या पायाशी बसून रडलो आणि सगळ्यांना सांगून टाकतो म्हणालो. ते म्हणाले, “आदी परीक्षा दे. आत्ता सांगितलंस तर तुझा बा तुला उसात गाडंल.” परीक्षा झाली. मी पास झालो. पण मी बोललो नाही. त्यानंतरची गप्प बसण्याची जबाबदारी बुवांची नव्हती, माझी होती.

पुढच्या उन्हाळ्यात पलटणीतून तार आली, भाऊ बेपत्ता. मेल्याची नाही, बेपत्ता. गावानं त्याचं एकच कारण काढलं. बुवांनी नारळ उतरवला होता. भजनाला येणारी माणसं कमी झाली. बायकांनी नारळ आणणं बंद केलं. पोरं मागून ‘दोरीवाला’ म्हणून ओरडत. बुवा रोज तुळईखाली उभे राहून उरलेले नारळ बोटानं मोजायचे, दिवस मावळताना मेंढरं मोजतात तसे, आणि नकाशावरचा इटलीतला चिंचोका त्यांनी हलू दिला नाही. आमचे शाळामास्तर तेवढे रोज त्यांच्याकडं जाऊन बसत. पलटणीचे कागद आपले आपल्याला वाचता यावेत म्हणून वहिनी याच मास्तरांकडं जाऊन अक्षरं शिकली. त्यांनीच मलाही पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलं होतं.

मी बी.ए. झालो, सांगलीच्या एका शाळेत मास्तर झालो. पेढे घेऊन बुवांकडं गेलो तेव्हा मठात ते एकटेच होते. “लय गोड हाय,” म्हणाले, आणि दुसरा मागून घेतला. त्या वेळीही मी बोललो नाही.

मग अठ्ठेचाळीस सालचा जानेवारी संपता संपता दिल्लीतल्या खुनाची ती बातमी रेडिओवर आली. मारणारा कोण, कुठल्या जातीचा, हे कळायला फार वेळ लागला नाही. आमच्या भागात पुढचे काही दिवस काय झालं ते त्या पिढीच्या माणसांना सांगायला नको, आणि पुढच्या पिढ्यांना कुणी धड सांगत नाही. शाळा बंद झाली म्हणून मी गावी आलो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गावांतून माणसं निघाली, हातात रॉकेलचे डबे. आमच्या गावात ब्राह्मणांची दोन घरं. एक वेशीबाहेर, एक मठामागच्या बोळात. बोळातलं घर मास्तरांचं.

वेशीबाहेरचं घर जळालं. माणसं उसात लपली म्हणून जिवानिशी वाचली. ते घर आम्ही वाचवू शकलो नाही, हे लिहायला हवं.

जमाव मठाकडं वळला तेव्हा बुवांनी नारळाची ती शिडी उचलून बोळाच्या तोंडावर आडवी टाकली आणि तिच्या मागं मांडी घालून बसले. साठीच्या वरचा माणूस, अंगात बंडी. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो. जमावात परके होते तसे आमचेही होते, आणि आमच्यांच्या पुढं माझा चुलतभाऊ होता. आमच्या गावात आमच्या माणसांशिवाय परक्यांनी पुढं पाय टाकला नसता. सगळं त्याच्यावर होतं.

“बुवा, उठा. तुमचं ह्यात काय काम न्हाई.”

“माझंच काम हाय. ज्यो मेला त्यो म्हातारा रोज प्रार्थनेला बसत व्हता. त्याच्या नावानं घर जाळतायसा, मला इचारलंत?”

“देवाधर्माचं मठात बोला. ह्ये राजकारन हाय.”

“भरतीच्या टायमाला तू बी आला व्हतास माझ्याकडं. तवा काय व्हतं?”

चुलतभाऊ चिडला. मागं वळून मोठ्यानं म्हणाला, “ह्याचं काय ऐकताय रं? ह्यानं नारळ उतरवला आन् आमचा भाऊ गिळला. अपशकुनी हाय त्यो! सरकवा बाजूला!”

दोघांनी शिडीला हात घातला. मठाच्या ओसरीवर बायका उभ्या होत्या, त्यांत वहिनी होती. चार वर्षं जे गिळलं होतं ते तिच्यासमोरच बोलावं लागणार होतं.

“नारळ मी उतरवला,” मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं. “बुवांनी नाही. मी! ह्या शिडीवरनं चढलो आणि ह्या हातांनी उतरवला. आणि कुणाच्या शब्दावर उतरवला ते ह्याला विचारा! नारळ उतरवा म्हणून ओसरीवर भांडायला कोण आलं होतं?”

चुलतभावानं माझ्या कानाखाली मारली. मी खाली पडलो, उठलो, आणि पुन्हा तेच बोललो. तो दुसऱ्यांदा हात उचलत होता, पण त्याचा चेहरा बदलला होता. ज्या गोष्टीसाठी तो बुवांशी भांडला होता, तीच त्यानं चार वर्षं बुवांच्या माथी मारली होती. अख्खं गाव आता त्याच्याकडं बघत होतं.

“मग तुमी खोटं का बोलला बुवा?” त्यानं विचारलं.

“ह्याला तुमी मारला असता. मला मारायची तुमाला लाज वाटली असती.” बुवा बसल्या जागेवरून म्हणाले. “आता मारायचं आसंल तर मारा. लाज सोडूनच आलाया.”

तेवढ्यात वहिनी ओसरीवरून उतरली. माझ्याजवळून गेली, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. शिडी ओलांडून ती बुवांच्या शेजारी बसली, मास्तरांच्या घराकडं पाठ करून. तिच्या मागून पलटणीतून परतलेले दोघे आले, ज्यांनी त्याच पायरीवर आपले नारळ फोडले होते. मग आणखी एक आला. चुलतभाऊ वळला आणि आल्या वाटेनं निघून गेला. परके थोडा वेळ शिव्या देत थांबले, जाताना मास्तरांची कडब्याची गंजी पेटवून गेले. घर राहिलं.

त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी बोलली नाही. तिचा तो हक्कच होता.

सांगलीत परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत एकच चर्चा. हे सगळं धर्मानं केलं, आता या बुवा-महाराजांना सार्वजनिक जीवनातून हाकलून द्या, अणुबाँबच्या जगात यांचं काय काम? मी म्हणालो, खुर्चीवर शाल घेऊन बसलेले महाराज मीही पाहिलेत आणि त्या दुपारी दार लावून बसलेलेही मला माहीत आहेत. त्यांना जरूर हाकला. पण मामलेदार, फौजदार, पुढारी आणि मी, बी.ए. झालेला मी, आम्ही सगळे जिथं कमी पडलो तिथं अक्षर न येणारा एक माणूस शिडी घेऊन बसला होता. त्याला हाकलायचं तर आधी माझ्याशी गाठ आहे. माझे मित्र हसले. हसू देत.

थोड्याच दिवसांत साताऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, कलेक्टर कचेरीत शांतता समिती नेमायची ठरली. आमच्या भागातून कुणी तरी बुवांचं नाव सुचवलं. एका वकिलांनी उघड हरकत घेतली. मठाच्या पंचांनी बुवांना सांगितलं, तो नकाशा काढा, पेपर बंद करा, भजन करा, आणि जुने नारळही उतरवून टाका. बुवांनी मला निरोप धाडला, “तितं माझं काय काम? वाचता बी येत न्हाई.” गावात आता त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम वहिनी करत होती. त्यामुळं माझं पत्रही तीच वाचणार, हे मला ठाऊक होतं. मी पाठवलेल्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे. ती अशी:

बुवा,

लांबलचक मायना लिहीत नाही. तुम्ही म्हणाल, नमस्कार कागदावर कशाला, आल्यावर कर. आल्यावर करतो.

तुम्ही साताऱ्याला जायचं आहे. वाचता येत नाही हे कारण चालणार नाही. त्या समितीत वाचता येणारे पुष्कळ असतील. ज्याला वाचता येत होतं त्या मीच नारळ उतरवला होता. तिथं खुर्च्या असतील. खाली बसू नका, खुर्चीवर बसा. वकीलसाहेब काही बोलले तर भरतीच्या जमादाराला दिलंत तसं उत्तर द्या. पण शाल दिली तर घेऊ नका, थंडी असली तरी.

कुणी विचारलं की धर्माच्या माणसाचा या कामाशी काय संबंध, तर आमच्या बोळाबद्दल सांगा. वेशीबाहेरचं घर जळालं तेही सांगा. आपण तिथं वेळेवर पोचलो नाही. पुढच्या वेळी कुणी तरी पोचायला हवं, म्हणूनच तुम्ही जायचं.

नकाशा काढू नका. पंचांना सांगा, तो मी आणला आहे, काढायचा असेल तर मला येऊन विचारा. नारळांवर त्यांचा हक्क नाही, माझाही नव्हता, तुमचाही नाही. ज्यांनी बांधले त्यांनाच विचारा. हिरव्या पट्टीचा नारळ वहिनीचा आहे. ती म्हणेल तेव्हा उतरेल, नाही म्हणाली तर तुळई मोडेपर्यंत राहील. नारळानं माणूस जगतो असं मी आजही मानत नाही. पण तारेत बेपत्ता लिहिलं आहे. त्याच्यापुढचा शब्द तिच्यावर कुणी लादू नये.

तुम्ही माझ्यासाठी चार वर्षं अपशकुनी झालात. त्याची फेड माझ्याकडं नाही. शाळेत मला मुलं शिकवायची आहेत, ती तुमचं नाव सांगून शिकवीन. कुणाला आवडो न आवडो.

वहिनी, इथपर्यंत तुम्ही वाचलंत, म्हणजे माझं बोलणं तुमच्या तोंडून बुवांच्या कानी गेलं. ज्या दिवशी तुमच्या बांगड्या फुटल्या त्या दिवशी पाणी मी आणलं, पण खरं सांगितलं नाही. ते आता लेखी सांगतो. तुमचे गुन्हेगार बुवा कधीच नव्हते, मी होतो. उत्तर पाठवायची सक्ती नाही. एक काम मात्र करा. साताऱ्याची सर्व्हिस मोटार सकाळी वेशीवरून सुटते. तिची पायरी उंच आहे. बुवा चढताना त्यांना हात द्या.

तुमचा,
पेपर वाचणारा